सगळ्यात मागची टिटवी

छाया, ये अशी जवळ. तू पुण्यात आणि मी नाशकात, तर जवळ कुठून येणार म्हणा. पण कागदावर तरी ये. परवा फोनवर तू फार वाईट बोललीस गं. "काकू, ती टिटवी जळणाला देऊन टाका, शेवटी तिच्यापायीच नानांचं नाव गेलं," असं म्हणालीस आणि फोन ठेवलास. शाळेत पन्नास पोरींना शिस्त लावतेस, आणि स्वतःच्या बापाबद्दल पूर्ण ऐकून घ्यायच्या आधी निकाल देऊन मोकळी होतेस? रागावले मी. पण तुझ्यावर थोडी, स्वतःवर जास्त. कारण जे सांगायला हवं होतं ते मी सहा वर्षं सांगितलं नाही.

मी सातवी शिकलेली बाई. बाकीचं वाचून वाचून शिकले. तेव्हा पुढचं मागं होईल, मागचं पुढं. सांभाळून घे.

नाना पगारे म्हणजे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात उभी हयात काढलेला फिटर. तुला हे ठाऊक आहेच, पण हे मी फक्त तुझ्यासाठी लिहीत नाहीये. आमच्या लाकडी लाँचवाल्या मंडळींतल्या सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळं बघत फिरतात, प्लॉटवर घर बांधतात. नानांनी काय केलं, तर गंगापूर धरणाच्या काठी पालथी पडलेली एक जुनी तपासणीची लाँच विकत घेतली. वीस-बावीस फुटांची, सागवानी. तिच्या पोटाखाली कुणाच्या तरी कोंबड्या राहत होत्या. नानांनी आधी कोंबड्यांच्या मालकिणीला खुराडं बांधून दिलं आणि मग लाँच हलवली. दोन वर्षं खपले. फळ्या बदलल्या, शेतावरच्या पंपाचं इंजिन बसवलं. आणि नाव काय ठेवावं? टिटवी!

आमचे हे म्हणाले, "नाना, टिटवी ओरडली की माणसं देवाचं नाव घेतात. अशुभ पक्षी तो."

नाना म्हणाले, "अण्णा, ती अशुभ नाय. ती फक्त आधी सांगती. आधी सांगणारा कुनाला आवडत नाय, म्हणून अशुभ."

ह्यांची लाकडाची वखार होती आणि नाना फळ्या घ्यायला यायचे, ती आमची ओळख. त्यांचं बघून ह्यांनाही वेड लागलं. कोकणातून एक जुनी लाँच ट्रकवर घालून आणली. तिचं नाव राजलक्ष्मी. मग दिंडोरीचे एक द्राक्ष बागायतदार, एक दातांचे डॉक्टर, असं करत करत सहा लाँचा झाल्या. दरवर्षी दिवाळीनंतर धरण भरलेलं असताना एका रविवारी सगळ्यांनी मिळून पाण्यावर दिवसभराची सहल काढायची, असा पायंडा पडला. सकाळी आठला निघायचं, वरच्या अंगाला एका काठावर जेवायचं आणि वारा सुटायच्या आत परत यायचं. परवानगीचे कागद डॉक्टर आणायचे, जेवण माझ्याकडं. आणि शिस्त नानांकडं.

काय शिस्त होती, बाई! सगळ्यात हळू चालणारी लाँच सगळ्यात पुढं. तिला मागं टाकून कुणी जायचं नाही. आणि टिटवी कायम शेवटी. डॉक्टर चेष्टा करायचे, "नाना, तुमची गाडी कायम लेट." नाना म्हणायचे, "पुढं असणाऱ्याला पानी दिसतं डॉक्टर, मागं असणाऱ्याला मानसं दिसतात."

आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात नेहमी कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी असायची. बागायतदार विचारायचे, "नाना, आंघोळ राहिली का घाईत?" नाना हसायचे, पण वडी काढून ठेवायचे नाहीत. लाकडी लाँचेला फट दिसली तर तिथं ओला साबण घोटून भरायचा, तात्पुरता दम धरतो, ही त्यांची विद्या.

पण खरा नियम एकच होता, आणि तू कधी पाण्यावर आली नाहीस म्हणून नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लाकडी लाँच वर्षभर शेडमध्ये ठेवली की फळ्या सुकतात, आकसतात. दोन फळ्यांमधल्या सांध्यांत नख जाईल एवढ्या फटी पडतात. ती तशीच पाण्यात सोडली तर चाळणीसारखी गळते. म्हणून सहलीच्या आधी चांगले चार-पाच दिवस तिला काठाशी उथळ पाण्यात सोडायची. पहिल्या दिवशी ती भरते, बाकापर्यंत बुडते. बघवत नाही. मग लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. मग उपसायची, की ती ठणठणीत. नाना म्हणायचे, "आधी बुडवल्याशिवाय तरायची नाय." आणि निघायच्या दिवशी सकाळी ते प्रत्येक लाँचेत चढायचे, पायाखालची फळी उचलायचे आणि तळाला उजव्या हाताचा तळवा लावून डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो तसं. हात ओलसर आणि गार लागला की म्हणायचे, "मुरलीय." की सुटली दोरी.

एका वर्षी बागायतदारांनी लाँच नवी रंगवून आदल्या रात्री पाण्यात सोडली. नानांनी हात लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, ही शोभेची हाय. घरी न्या आणि हॉलात ठेवा." त्यांची सुना-मुलं सोबत होती. माणूस लालबुंद झाला, लाँच ओढून घेऊन परत गेला. पुढच्या वर्षी आला तो द्राक्षांची पेटी घेऊन आणि आठ दिवस आधी लाँच बुडवून, ते वेगळं. पण त्या दिवशी जेवताना आमचे हे नानांना म्हणाले, "नाना, तुमचं बरोबर असेल. पण चारचौघांत, बायकामुलांसमोर माणसाचा असा पाणउतारा करू नये. बाजूला घेऊन सांगावं."

नानांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "हे बरोबर बोलला तुम्ही, अण्णा. ध्यानात ठेवीन."

ध्यानात ठेवलं गं त्यांनी. तेच तर झालं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नंदिनीचं लग्न ठरत आलं होतं. व्याही-विहीण मुंबईहून यायचे होते आणि ह्यांना त्यांना राजलक्ष्मीतून फिरवायचं होतं. महिनाभर वार्निशचे हात चालले होते. शेवटचा हात शुक्रवारी दिला. "चार दिवस पाण्यात बुडवली की चकाकी जाईल," असं म्हणत हे रोज उद्यावर ढकलत राहिले. रविवारी पहाटे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आम्ही राजलक्ष्मी काठावर आणली. बाकीचे यायच्या आत पाण्यात सोडली आणि दोरीला बांधली. ताज्या वार्निशनं फटी तेवढ्यापुरत्या धरल्या. जणू आठवडाभर तिथंच होती.

मी म्हटलं, "अहो, नाना ओरडतील."

हे म्हणाले, "तू गप्प बस. एका दिवसाचा प्रश्न आहे."

मी गप्प बसले. हे माझं. हे कुणाच्या खाती टाकता येणार नाही.

नाना आले. व्याही पांढऱ्याशुभ्र बुटांत, विहीणबाई पैठणीत, दोघं लाँचेशेजारी उभे राहून वार्निशमध्ये आपली तोंडं बघत होते. विहीणबाईंना पैठणीवर लाईफ जॅकेट नको होतं. नाना हात जोडून म्हणाले, "ताई, साडी झाकली जाईल हे खरं. पन हे घातल्याबिगर मी दोरी सोडनार नाय." घातलं त्यांनी. मग नाना राजलक्ष्मीत चढले, फळी उचलली, हात घातला.

मी समोरच होते. हात वर आला तेव्हा तळव्याला वखारीचा भुसा चिकटलेला होता. कोरडा. पिवळा. आठवडाभर पाण्यात असलेल्या लाँचेच्या तळात कोरडा भुसा कुठून येणार?

नानांनी तळव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी पदर सारखा करायला लागले.

"अण्णा, कधी टाकली पान्यात?"

"सोमवारी," हे म्हणाले. हसत.

नानांनी व्याह्यांकडं बघितलं, विहीणबाईंकडं बघितलं. ओठ हलले. मी देवाशप्पथ सांगते, शब्द ओठांवर आला होता. ह्यांना बाजूला घ्यावं म्हणून ते एक पाऊल पुढं आलेसुद्धा, पण ह्यांनी पाठ फिरवली आणि व्याह्यांना हात देऊन वर घेतलं. मग नानांनी हात पँटला पुसला आणि म्हणाले, "बरं. मग आज तुम्ही पाचवे. माझ्या म्होरं."

एरवी राजलक्ष्मी दुसरी असायची. डॉक्टरांनी कारण विचारलं तर नाना नुसते म्हणाले, "आज असंच."

निघालो. पहिला अर्धा तास काही नाही. व्याही फोटो काढत होते. ह्यांनी आपलं जॅकेट बाकाखाली सारलेलं, फोटोत बरं दिसत नाही म्हणून. मी मागं वळून बघायची तर टिटवी तेवढ्याच अंतरावर, टुकटुक करत. नाना उभ्यानं चालवत होते. नाना कधी उभ्यानं चालवायचे नाहीत.

मग विहीणबाई म्हणाल्या, "अहो, माझी चप्पल ओली कशी झाली?"

"थोडं येतंच ताई," हे म्हणाले, "लाकडी आहे ना."

थोड्या वेळानं ती चप्पल तरंगत माझ्या पायाशी आली. फळ्यांवर पाणी चढलं होतं. ह्यांनी इंजिनाचा वेग वाढवला, तसं फिरत्या पट्ट्यानं पाणी उडवलं, सगळ्यांच्या तोंडावर फवारा, आणि इंजिन खोकून बंद पडलं. पुढच्या चारही लाँचा वळणापलीकडं गेलेल्या. वारा नेमका तेव्हाच उठला. विहीणबाईंनी माझा हात धरला तो असा, की बांगडी वाढवली माझी. हे अजूनही म्हणत होते, "काही नाही, काही नाही." आवाज मात्र ह्यांचा नव्हता.

टिटवी आली. नानांनी ती आमच्या अंगाला अशी लावली, की आवाज झाला नाही. दोन्ही लाँचा पुढून-मागून दोरीनं एकमेकींना आवळल्या. आधी विहीणबाई, मग व्याही, मग मी, आम्हाला टिटवीत ओढून घेतलं आणि स्वतः राजलक्ष्मीत उडी मारली. गुडघाभर पाण्यात बसून सगळ्यात मोठ्या फटीत साबण घोटला, वर आपला रुमाल ठोसला. तेवढ्यानं एक फट थांबली. बाकीच्या वीस फटींचं काय?

"अण्णा, टिटवीत चला."

"मी नाही सोडणार हिला."

"अण्णा, पवता येत नाय तुम्हाला."

"नाही सोडणार म्हटलं ना!"

नानांनी अंगातलं स्वतःचं जॅकेट काढलं, ह्यांच्या गळ्यात घातलं आणि आयुष्यात एकदाच ह्यांना एकेरीत बोलले. "मग गप बस आन् पानी उपस."

ते टिटवीत परत आले, इंजिन सुरू केलं. समोर काठ दिसत होता, पण मधे पाण्याखाली एक जुना दगडी बांध आहे. धरण व्हायच्या आधी तिथं शेतं होती, त्यातला. उन्हाळ्यात उघडा पडतो, तेव्हा नाना त्यावरून चालून आलेले. त्यात बैलगाडीच्या वाटेची एक खिंड आहे. एक लाँच जाईल एवढीच. बांधाला वळसा घालायचा तर दूर जायला लागणार होतं. राजलक्ष्मीची कड आता पाण्याला टेकायला चार बोटं उरली होती, आणि ती बुडाली असती तर बांधलेल्या टिटवीलाही घेऊन गेली असती.

"नाना, दोरी तोडा की!" व्याही ओरडले.

नानांनी मान हलवली. डोळे समोर. "वहिनी," मला म्हणाले, "ताईंना धरून खाली बसा. आता वाजंल."

मला कळलं नाही तेव्हा. दोन लाँचा शेजारी शेजारी बांधलेल्या आणि खिंड एकीपुरती. नानांनी खिंडीत राजलक्ष्मीला घातलं. आणि टिटवीला दगडांवर.

तो आवाज मी विसरणार नाही. लाकूड मोडल्याचा नाही, लाकूड किंचाळल्याचा. टिटवी उचलली गेली, कलली, पुढं घासली आणि बांधावर बसली. राजलक्ष्मी तेवढ्या धक्क्यानं खिंडीतून पुढं निसटली, दोरी ताणून चिखलात रुतली, आणि हे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. सगळे वाचलो. व्याह्यांचे पांढरे बूट तेवढे काळे झाले.

बाकीच्या लाँचा परत आल्या. त्यांना काय दिसलं? टिटवी बांधावर चढलेली, तिची तळफळी फुटलेली आणि नाना तिच्यातून जेवणाचे डबे खाली उतरवतायत. डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा, काय झालं हो?"

ह्यांनी ओल्या बाह्या पिळल्या. बाजूला व्याही उभे होते. मग म्हणाले, "नानांचा अंदाज चुकला. बांधावर घातली."

झालं. एवढंच वाक्य. नानांनी ऐकलं. हातातला डबा त्यांनी हळूच टिटवीच्या कडेवर ठेवला, झाकण सरळ केलं. व्याह्यांना लाँचेतलं काय कळणार? पाणी कसंही शिरलं असेल, असं त्यांना वाटलं. आणि लोकांनी ते वाक्य उचललं. त्या पगारेनं दोन लाँचा घालवल्या म्हणे. वय झालं, नजर गेली म्हणे. चूक कुणाच्या नावाला पटकन चिकटते आणि कुणाच्या नावाला चिकटत नाही, ते मला तुला सांगायला लावू नकोस, छाया. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

चार दिवसांनी मी नाशिकरोडला तुमच्या घरी गेले होते. तू नव्हतीस. मी म्हटलं, "नाना, तुम्ही बोलला का नाही?" नाना चहाची बशी हातात धरून बसलेले. म्हणाले, "वहिनी, सकाळी हाताला कळलं व्हतं. तोंड उघडलं नाय. तुमची पोरगी, तुमचे पाव्हने... मी म्हटलं, मागं राहून सांभाळून घेऊ. सांभाळायचं काम नव्हतं ते, सांगायचं काम व्हतं. चार मानसं पान्यावर घातली मी. आता अण्णा काय बोलले न् लोक काय बोलले, त्याचं काय घेऊन बसायचं?"

"पण टिटवी दुरुस्त तर करा."

"वेळेवर वरडली नाय ती. कशाची टिटवी?"

तेव्हापासून नाना पाण्यावर गेले नाहीत. तुला वाटतं, मंडळींनी काढलं. नाही गं. त्यांनी स्वतःला काढलं. आणि आम्ही काढू दिलं. नंदिनीचं लग्न झालं, सोन्यासारखा संसार चाललाय तिचा. ह्यांनी टिटवी काठावरून आणून आमच्या वखारीच्या शेडमध्ये ठेवली, वर ताडपत्री घातली. त्या ताडपत्रीकडं हे बघायचे नाहीत. माझ्याशी भांडण झालं की मी मुद्दाम तिथं जाऊन उभी राहायची.

तरी सहलीच्या दिवशी नाना सकाळी बसनं यायचेच, दरवर्षी. टिटवी सोडून बाकीच्या पाची लाँचांना हात लावून बघायचे. बागायतदार तर त्यांच्याशिवाय दोरी सोडायचे नाहीत. लाँचा गेल्या की नाना काठावर बाभळीखाली रुमाल अंथरून बसायचे. परत येईपर्यंत. डबासुद्धा शेवटची लाँच काठाला लागल्यावर उघडायचे.

मागच्या वर्षी त्यांना शेवटचं बघितलं. गुडघे गेलेले, तरी पँट दुमडून पाण्यात उतरले. राजलक्ष्मीत चढवेना, तर मी आतून फळी उचलून धरली आणि ह्यांनी त्यांचा हात धरून तळापर्यंत नेला. दोघं म्हातारे वाकलेले, दोघांचे हात एकावर एक. नानांनी डोळे मिटले. किती वेळ! हे नुसते त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलेले, शाळेतल्या पोरानं निकालाकडं बघावं तसे.

"मुरलीय," नाना म्हणाले. मग डोळे उघडून ह्यांना म्हणाले, "चांगली मुरलीय, अण्णा." आणि खिशातली साबणाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली. "ठिवा वहिनी. मला आता धुनं नाय."

आम्ही निघालो. मी मागं वळून बघितलं तर नाना अजून पाण्यातच उभे, ओला हात अंगापासून लांब धरून. पुसला नव्हता.

पावसाळ्यात ते गेले. दहाव्या दिवशी तुमच्या घरी हे बोलायचं ठरवून आले होते. तुझ्यासमोर बसले, पाणी प्यायले आणि उठले. घरी येऊन ताडपत्री काढली. तेव्हापासून रोज शेडमध्ये आहेत. वखार बंद झाली तेव्हा सागाची एक फळी ह्यांनी विकली नव्हती. ती टिटवीच्या तळाला बसवली. हात थरथरतात, तीन महिने लागले. कुणाला हात लावू दिला नाही.

हे तुझा फोन आला तेव्हा शेजारीच बसले होते, छाया. "जळणाला द्या" हे त्यांनी ऐकलं. मग मला म्हणाले, "तिला लिही. सगळं लिही. माझं नाव घालून लिही. आणि सांग, की सहलीच्या दिवशी दोरी सोडायच्या आधी मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. चारचौघांत. बाजूला घेऊन नाही."

तेव्हा आता ऐक. येत्या सोमवारी टिटवी पाण्यात पडतेय. खरंच सोमवारी. ती भरेल, बुडेल, तुला बघवणार नाही, पण घाबरू नकोस. रविवारपर्यंत मुरेल. मुरली की नाही ते सांगायला हात नानांचा हवा, आणि तो आता तुझ्याकडंच आहे. साबण मी जपून ठेवलाय. जेवायला तुझ्या आवडीचे मांडे-आमरस काही मिळणार नाहीत ह्या दिवसांत, पण वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी पोटभर घालीन.

आदल्या दिवशी येऊ नकोस. चांगली चार-पाच दिवस आधी ये. लवकर ये गं.